सांबर उतरलं

आमच्या घरात प्रवास म्हणजे लग्नाला जाणं, मयतीला जाणं, नाहीतर दवाखान्यात जाणं. काहीतरी पाहायचं आहे म्हणून कोणी पिशवी भरून निघाल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे मागच्या उन्हाळ्यात बाबांना घेऊन मी आष्टीच्या पुढच्या डोंगराकडे सांबर पाहायला गेले, त्याला प्रवास म्हणावं की नाही हे मला नक्की सांगता येत नाही. रोहण्याहून तिथे पोचायला एक सकाळ पुरते. पण आमच्या गावातले बहुतेक लोकही तिकडे कधी गेलेले नाहीत, म्हणून लिहून ठेवते आहे. मामाच्या गावाचं नाव मात्र लिहिणार नाही. "नाव लिहिशीन तं उद्या बंदुका घेऊन येतीन लोकं," असं मामाने बजावलं आहे.

रोहणा

बाबांना काचबिंदू आहे. वर्ध्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली किती दिवस टिकेल तेही सांगता येणार नाही. घरात शिकलेली मी एकटीच, म्हणून ते मला सांगितलं असावं. घरी येऊन ते बाबांना कसं सांगायचं हा विचार मी बसमध्ये करत होते, तर तेच म्हणाले, "मले ठाव हाये. आता नरसाळ्यातून पाह्यल्यावानी दिसते. ते भोक बारीक होऊन राह्यलं."

मग म्हणाले, "एकदा सांबर पाहाचं होतं."

हे सांबर आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. बाबा आईला पाहायला तिच्या गावी गेले, तेव्हा मामाने त्यांना संध्याकाळी डोंगराच्या पायथ्याला नेलं होतं. तिथे पाण्यावर एक नर आला. बैलाएवढा, मानेवर आयाळीसारखे केस, आणि डोक्यावर एवढी शिंगं की झुडपातून निघताना त्याने मान तिरपी केली. बाबा दरवेळी ती मान तिरपी करून दाखवत. आई म्हणायची, "मले पाहाले आलते आन् घरी जाऊन सांबराचंच सांगतलं. माहा रंग इचारला तं आठवे ना." यावर बाबा नुसतं हसत.

सांबर केव्हाही जाऊन दिसत नाही. पावसाळ्यात ते वर पठारावर पांगतं. हिवाळ्यात नर आपसात झुंजतात, पण वर पाणी असतं तोवर खाली येत नाहीत. होळीच्या सुमारास सागाची पानं गळतात, वरची डबकी आटतात, तेव्हा ते पायथ्याच्या पाण्यावर उतरतं. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत नरांची शिंगं गळून पडतात. म्हणजे पान गळालेलं आणि शिंग न गळालेलं, एवढाच काय तो मोका. मामाचं शेत अगदी त्या पायथ्याला आहे. सांबर उतरलं की तो रोहण्याच्या किराणा दुकानात फोन करील आणि आम्ही निघू, असं ठरलं होतं.

मामाने फोन केला. आष्टीच्या बाजाराच्या दिवशी, गर्दीत उभं राहून केला. दुकानवाल्या शेठनी आईला बोलावून निरोप दिला. "वहिनी, तुमच्या भावाचा फोन होता. सांबार उतरला म्हने. लवकर काय ते पाहा म्हने."

आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. परगावच्या वाचकांना हे माहीत नसेल म्हणून सांगितलं. आणि उतरला म्हणजे भाव उतरला. शेठ रोज भावच ऐकतात, त्यांनी तेच ऐकलं. मामाने विहिरीजवळच्या तुकड्यात सांबार पेरल्याचं आईला माहीत होतं. तिला भावाची काळजी वाटली.

"कितीनं उतरला?" तिने विचारलं.

"ते नाई सांगतलं. कट झाला फोन."

"आता आला तं सांगजा," आई म्हणाली, "म्हनावं, कवडीमोल इकू नको. राहू दे वावरात. धने होऊ दे."

मी तेव्हा वर्ध्याला होस्टेलवर होते. बाबांना आईने हे सांगितलं, आणि बाबांनीही "बरं सांगतलं" म्हटलं. ते रोज फोनची वाट पाहत होते.

पुढच्या बाजारी मामाला दुकानातून उत्तर मिळालं, की तुमची बहीण धने होऊ दे म्हणते. मामाने त्यावर बराच विचार केला. शेवटी त्याने असा अर्थ लावला, की भाऊजींना येणं जमत नाही आणि बहीण ते आडून सांगते आहे.

आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, नात्यात एक लग्न निघालं. तिथे मांडवातच मामाने बाबांना धरलं. "भाऊजी, म्या सांगतलं सांबर उतरलं, आन् तुमी मले धने कराले सांगता? सांबराचे धने कसे करतेत जी?"

कोडं सुटायला वेळ लागला. सुटलं तेव्हा पंगतीतले सगळे हसले. बाबाही हसले, डोळ्यातून पाणी येईपर्यंत. आई बुंदी वाढत होती. ती तशीच ताट घेऊन उभी राहिली.

एका कान्याचा फरक होता. त्या दिवसापासून आईने भाजीत सांबार टाकणं बंद केलं. कोणी काही बोललं नाही, तरी बंद केलं.

माझी परीक्षा संपल्यावर बाबा म्हणाले, "चाल, जाऊ. शिंगं नसतीन तं नसतीन. सांबर तं असंन." आई म्हणाली, गुरांकडे कोण पाहील, तुम्ही दोघं जा. तिने दशम्या बांधून दिल्या आणि फाटकापर्यंत आली.

आष्टी

आष्टीला उतरलो तो बाजाराचा दिवस होता. मी इथे लहानपणी आले होते, पण तेव्हा आईच्या पदराला धरून. आता बाबांनी माझी ओढणी धरली होती. लोक बघत होते. मला आधी संकोच वाटला, मग वाटेनासा झाला.

रस्त्यात एका रसवंतीच्या गाडीवर बाबा सरळ जाऊन आदळले. गाडी रंगीत होती, तिला घुंगरं होती, तरी आदळले. पेले पडले. रसवाला म्हणाला, "काकाजी, एवढी मोठी गाडी दिसली नाई?"

"थांबेल होती ना," बाबा म्हणाले. त्यांनी अगदी साधेपणाने कारण सांगितलं. "चालत असती तं दिसली असती."

रसवाल्याला ती चेष्टा वाटली. तो हसला आणि त्याने आम्हाला रस दिला. पण ते खरं होतं. त्याच वेळी पलीकडून बकरीचं एक पिल्लू उड्या मारत रस्ता ओलांडत होतं आणि बाबांनी ते माझ्याआधी पाहिलं. "ते पाह्य, कसं उड्या मारून राह्यलं," म्हणाले. पिल्लू कडेला जाऊन थांबलं. "गेलं," बाबा म्हणाले. ते तिथेच उभं होतं.

हललं की त्यांना दिसतं आणि थांबलं की दिसत नाही, हे मला त्या रस्त्यावर पहिल्यांदा नीट कळलं.

मामाचं गाव

आमच्याकडे रोहण्याला सगळी काळी सपाट जमीन. मान वर न करता दिवस जातो. इथे दाराबाहेर आलं की डोंगर अंगावर येतो. उन्हाळ्यात तो राखेच्या रंगाचा होता. सागाची मोठी पानं खाली पडून वाळली होती आणि त्यावरून कोंबडी चालली तरी माणूस चालल्यासारखा आवाज होत होता.

मामीने पायावर पाणी दिलं आणि लगेच ताटं वाढली. ताटात सांबारवडी होती. वाटीभर सांबार चिरून, खसखस-खोबऱ्यासोबत परतून, बेसनाच्या पोळीत गुंडाळून तळलेली. मामीच्या हे लक्षात आलं नसावं. मी बाबांच्या ताटाकडे पाहिलं. त्यांनी वडी हातात घेतली, वास घेतला आणि म्हणाले, "औंदा एवढंच सांबर पाहाले भेटते वाट्टे."

मामी हसून हसून बाहेर निघून गेली. मामा म्हणाला, "काऊन जी भाऊजी, आजच दाखोतो. नाई दिसलं तं मिशी काढतो."

मामाला मिशी नाही.

मामा सांबरांवर प्रेम करणाऱ्यांतला नाही, हेही सांगायला हवं. हिवाळ्यात त्याचा हरभरा ती खाऊन जातात. तो रात्री डबा वाजवतो, ओरडतो. "तुमाले पाहाचं हाये, मले हाकलाचं हाये," तो म्हणाला. "तुमीच घेऊन जा दोनचार रोहण्याले." पण पाण्यावर तो त्यांना हाकलत नाही. त्या गावात एक रीत आहे. पायथ्याला खडकातून पाणी पाझरून एक लहानसं डबकं साठतं, त्याला ते झिरा म्हणतात. दिवसभर बायका तिथून पाणी नेतात. दिवस मावळला की नेत नाहीत. घरात थेंब नसला तरी शेजाऱ्याकडे मागतील, पण झिऱ्यावर जाणार नाहीत. मी मामीला कारण विचारलं.

"आता ते त्याहिचं हाये," मामी म्हणाली.

आमच्या गावात विहिरीला कुलूप असतं आणि पाळीवरून भांडणं होतात.

पहिल्या संध्याकाळी आम्ही मामाच्या शेताच्या शेवटच्या धुऱ्यावर म्हणजे बांधावर, एका खडकाआड बसलो. झिरा समोर होता. मामाने बोलायचं नाही म्हणून सांगितलं आणि स्वतःच कुजबुजत राहिला. अंधारताना पानं वाजली. बाबांनी माझा हात घट्ट धरला. पानं वाजत वाजत जवळ आली, आणि शेजाऱ्याची सुटलेली म्हैस येऊन सगळं पाणी ढवळून डबक्यात बसली.

"हे तं मले चांगलं दिसलं," बाबा म्हणाले. "मामाचं सांबर लय धष्टपुष्ट हाये."

शिंग

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आम्हाला शेतापलीकडे थोडं चढावर घेऊन गेला. तेंदूची पानं तोडायला जाणाऱ्या बायकांनी तिथे एक शिंग पडलेलं पाहिलं होतं. ते कोणी उचलत नाही. उचलून घरी नेणं गुन्हा आहे, हे तिथल्या लहान पोरांनाही माहीत आहे.

पळसाखाली पानांत ते पडलं होतं. बाबांना मी खाली बसवलं आणि त्यांचा हात त्यावर ठेवला. उन्हाने ते तापलं होतं. बाबांनी ते आंधळ्यासारखं चाचपलं. मी हा शब्द आधी लिहिला नव्हता, पण तसंच चाचपलं. बुडापासून वर, एक फाटा, मग पुढे जाऊन दोन. खालचा भाग खरबरीत, टोकं घासून गुळगुळीत झालेली. कोपरापासून बोटांपर्यंतच्या हातापेक्षा ते लांब होतं.

"औंदाचं?" त्यांनी विचारलं.

"औंदाचंच जी," मामा म्हणाला. "उंदरायनं अजून कुरतडलं नाई."

"म्हंजे आम्ही होळीले आलो असतो तं डोक्यावर होतं."

मामा पायाने पानं उकरत राहिला. बाबांच्याही ते लक्षात आलं असावं. ते म्हणाले, "बरं झालं. नाईतं हात कुठं लावाले भेटला असता."

त्यांनी शिंग जिथे होतं तिथेच, त्याच बाजूने ठेवलं. वर थोडी पानं सारली.

दुपारी ढग आले. अवकाळी पाऊस तिकडे उन्हाळ्यात एखादवेळी होतोच. मामा अंगणात उभा राहून वर पाहत म्हणाला, "आज रात्री वरतं पडला तं खड्डे भरतीन. मंग काही ते खाली येत नाई. पाहाचं तं आज." पुढच्या वर्षी या, असं तो सहज म्हणू शकला असता. म्हणाला नाही.

झिरा

त्या संध्याकाळी मामा आमच्यासोबत बसला नाही. तिघांचा वास जास्त होतो, असं त्याने कारण दिलं. जाताना त्याने खिशातून एक गोटा काढून बाबांच्या हातात दिला. "बकरीचं पिल्लू पयालं तं दिसलं म्हने तुमाले. सांगतलं मले शालूनं. मंग असं करा. ते आलं, आन् नाई दिसलं, तं पान्यात हा मारजा. ते पयंन. पयालं की दिसंन. एकच उडी भेटंन, पन दिसंन."

शालू म्हणजे मी, आणि पयालं म्हणजे पळालं. मी त्याला हे सांगितलं होतं ते खरं.

आम्ही खडकाआड बसलो. झिऱ्यातलं पाणी उन्हाळ्यात किती कमी असतं ते सांगायला हवं. चार घागरी असेल. दिवसभर भरलेलं आणि ढवळलेलं, आता कुठे निवळत होतं. वर ढग होते, त्यामुळे उजेड नेहमीपेक्षा लवकर गेला. एक मोर ओरडला. मग ढाँक असा एक आवाज डोंगरातून आला आणि बाबांची मान एकदम वर झाली. "त्याचाच," ते ओठांनी म्हणाले.

ते केव्हा आलं ते मलाही कळलं नाही. पानांचा आवाज झालाच नाही. आधी तिथे झुडूप होतं, मग झुडपापुढे सांबर होतं. नर होता. बाबा सांगत होते तेवढाच मोठा, मानेवर तसेच केस, आणि डोक्यावर शिंगांच्या जागी दोन आखूड कोंब, मऊ साल असलेले. त्याचा रंग ओल्या लाकडासारखा होता आणि मागचा खडकही त्याच रंगाचा. त्याने कान फिरवले. मग ते तसंच उभं राहिलं.

मी बाबांचा हात दाबला. मग त्यांचं बोट धरलं आणि तिकडे रोखलं. लहान असताना ते माझं बोट धरून असाच चांद दाखवायचे. बाबांनी बोटाच्या रेषेत पाहिलं. डोळे बारीक केले, मोठे केले. डोकं थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते, कारण त्यांना दिसलं की ते मला तिथेच कळलं असतं.

"हाये?" त्यांनी श्वासाएवढ्या आवाजात विचारलं.

मी हात दाबला.

"थांबेल हाये?"

मी पुन्हा दाबला.

त्यांनी गोटा धरलेला हात वर केला. सांबराने तेव्हाच पाय पुढे टाकला, पण इतका हळू की ते हलणं मलाही जेमतेम दिसलं. त्याने मान खाली घातली. मग पाणी पिण्याचा आवाज येऊ लागला. गाईगुरांचा येतो तसाच, पण बारीक आणि थांबून थांबून. पितानाही ते ऐकत होतं.

बाबांचा हात वरच होता. उजेड अजून थोडा होता. मला वाटलं, मारा. मी त्यांना तसं म्हटलं नाही, पण मला तसं वाटत होतं, आणि इतकं वाटत होतं की माझाच हात दुखायला लागला.

बाबांनी हात खाली आणला आणि गोटा मातीत ठेवला. आवाज होऊ नये म्हणून आधी बोटं टेकवली, मग गोटा.

ते बराच वेळ पीत होतं. बाबा डोळे मिटून बसले होते. उघडे ठेवून काही उपयोग नाही असं त्यांना वाटलं असेल, किंवा नीट ऐकायचं असेल, मला माहीत नाही. मग आवाज थांबला. मी पाहिलं तर झुडूप होतं, सांबर नव्हतं. जातानाही पान वाजलं नाही.

"गेलं," मी म्हणाले.

"हो." ते म्हणाले, "तहानेलं होतं बिच्चारं. आता ती जागा त्याची हाये ना. त्याच्या पान्यात गोटा कायले मारा."

मामा धुऱ्यावर उभा होता. त्याने आमच्याकडे पाहिलं. त्याने बाबांचा हात धरला आणि तिघं गावाकडे चालू लागलो. त्या रात्री पाऊस पडला.

परत

निघताना मामाने एक पुडकं माझ्या पिशवीत टाकलं. विहिरीजवळचा सांबार त्याने खरोखरच वावरात राहू दिला होता. "तुह्या मायले सांगजो, तिचा निरोप पायला म्हनाव. धने झाले."

रोहण्याला पोचलो तेव्हा आई फाटकातच होती. तिने बाबांच्या हातातली पिशवी घेतली. "दिसलं?" तिने विचारलं.

बाबांनी ओट्यावर बसून चपला काढल्या. "उतरलं होतं," ते म्हणाले. "लय जवय होतं वं. इथून आपल्या गोठ्याएवढं. पोट भरून पानी पेल्लं आन् गेलं."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी पिशव्या घेऊन आत गेले.

जेवताना बाबांनी पहिला घास घेतला आणि थांबले. "वरन असं काऊन लागून राह्यलं? सांबार नाई टाकला?"

"सरला," आई म्हणाली.

"शेजारून आनाचा."

जेवणं झाल्यावर तिने मामाचं पुडकं सोडलं. धने पेरायच्या आधी रगडून त्यांच्या दोन फाकी कराव्या लागतात. ती मागच्या दारी बसून चपलेखाली धने रगडू लागली. बाबा आवाजाच्या दिशेने भिंतीला धरून आले.

"काय करून राह्यली वं?"

"सांबार लावून राह्यली. न्हानीच्या पान्यावर येते."

"लाव." ते दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. "उगवला की लवकर सांगजो. हिरवं अजून दिसते मले."

आईने मान डोलावली. मग तिच्या लक्षात आलं, आणि ती मोठ्याने म्हणाली, "सांगीन."